ट्रेनिंगला निघण्याआधी एक दोनशेपानी वही घ्या

पोलीस भरतीच्या यादीत नाव लागलं की चौकात बॅनर लागतो, पेढे वाटले जातात आणि दोन दिवसांनी पोट्टे दारात येऊन विचारतात, "ताई, तिथं लई पळवतात काय जी?" पळवतात. पण सोळाशे किंवा आठशे मीटर मारूनच तुम्ही इथवर आलात, तेव्हा मैदानाचं टेन्शन घेऊ नका. खरी पंचाईत आंतरवर्गात होते. पहाटेपासून पी.टी., परेड, मग अंघोळ, पोटभर नाश्ता, आणि वर पंखा फिरत असताना समोरचे साहेब दखलपात्र अपराधाची व्याख्या सांगू लागले की डोळे आपोआप मिटतात. पुढं ठाण्यात रोज लागतं ते नेमकं त्याच तासातलं.

मी हवालदार आहे. नोकरी सगळी वर्धा जिल्ह्यात, आर्वी-आष्टी-कारंजाकडच्या ग्रामीण ठाण्यांत गेली. अकोल्याला, नागपूरला किंवा आणखी कुठल्या प्रशिक्षण केंद्रात जाणाऱ्या खेड्यातल्या पोरापोरींसाठी हे लिहिते आहे. पुस्तकं तिथं मिळतीलच. ती डोक्यात कशी उतरवायची, तेवढं मी सांगते.

दुकानातून दोनशेपानी वही आणा. तिच्यात कलमं उतरवू नका. एका पानावर तुमच्या गावात खरोखर घडलेली एक भानगड लिहा: कोणाची मोटर चोरीला गेली, कोणाच्या पोराला पोळ्याच्या दिवशी मारलं, कोण विहिरीत सापडलं. खाली तीन प्रश्न लिहून जागा कोरी सोडा. इथं पोलिसाला हात घालायचा अधिकार आहे का? कोणत्या कलमानं? आणि तो वापरला हे कोणत्या कागदावर दिसेल? उत्तरं आज येणार नाहीत. वर्गात तो विषय निघाला की ते पान उघडायचं आणि भरायचं. घोकलेलं कलम परीक्षेनंतर जातं. नानाजीच्या मोटरीला बांधलेलं कलम जात नाही.

"शिपायाकडं तपास थोडीच असतो, आपल्याला कलमं कशाला?" असं म्हणणारा एखादा बॅचमेट हमखास भेटेल. ११२ चा कॉल पडला की गाडीतून पहिला उतरतो तो शिपाईच. साहेब येईपर्यंत घटनास्थळ तुमच्या हवाली असतं.

जुने आकडे, नवे आकडे

१ जुलै २०२४ पासून तीन नवे कायदे लागू झाले. गुन्हा कोणता आणि शिक्षा किती हे भारतीय न्याय संहितेत, पोलिसांनी कसं वागायचं हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, आणि कोर्टात काय टिकतं हे भारतीय साक्ष्य अधिनियमात. जुन्या दंड संहितेची ५११ कलमं होती, न्याय संहितेत ३५८ आहेत. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, चोरीचं ३७९ आता ३०३, फसवणुकीचं ४२० आता ३१८. गावात मात्र लोक अजून 'चारसोबीस'च म्हणतात. जुने आकडे पुसून टाकू नका, कारण १ जुलै २०२४ च्या आधी घडलेला गुन्हा जुन्याच संहितेखाली चालतो आणि तसे खटले अजून वर्षानुवर्षं उभे राहणार. वहीत दोन रकाने करा आणि पुढं चला.

धुऱ्याचं भांडण

मृग लागला की आमच्या ठाण्यात धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं सुरू होतात. म्हातारे बुवा येतात, टोपी काढून बाकड्यावर ठेवतात आणि सांगतात, "त्यानं माहा धुरा कोरला जी मॅडम, दोन तासं माह्या वावरात घुसला. त्याले आत टाका." (तास म्हणजे नांगराची ओळ.) आता वही उघडा.

धुरा कोणाचा, हे पोलीस ठरवत नाहीत. मोजणी भूमी अभिलेख कार्यालय करतं, हक्काचा निवाडा दिवाणी कोर्ट करतं. धुऱ्यावर उभं राहून माणसांनी एकमेकांना काय केलं, तेवढंच आपलं. शिवीगाळ करून डिवचलं तर न्याय संहितेचं कलम ३५२, धमकी दिली तर ३५१(२), थापड-बुक्की मारली तर ११५(२). तिन्ही अदखलपात्र. म्हणजे ठाणे अंमलदार एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतो आणि फिर्यादीला न्यायदंडाधिकाऱ्यांकडं जायला सांगतो. त्यांच्या आदेशाशिवाय तपास नाही, वॉरंटशिवाय अटक नाही. त्याच भांडणात विळा चालला तर ११८(१), आणि हा दखलपात्र, म्हणजे इथं तपासाला आदेश किंवा अटकेला वॉरंट लागत नाही. हाड मोडलं किंवा दात पडला तर ती जबर दुखापत, तिची व्याख्या ११६ मध्ये. पूर्वी तीव्र वेदना वीस दिवस राहिल्या तर जबर दुखापत धरत, आता पंधरा दिवस.

म्हणून अशा ठिकाणी उतरल्यावर 'चूक कोणाची' हा प्रश्न विचारूच नका. त्याला दोन्हीकडून अर्धा-अर्धा तासाचं उत्तर मिळतं. हातात काय होतं, कुठं लागलं, दवाखान्यात गेले का, एवढं विचारा. दुखापतीचा कागद डॉक्टर देतील, पण रक्त कुठल्या बाहीवर होतं हे तुम्हीच पाहिलेलं असतं.

दखलपात्र गुन्ह्याची खबर आली तर ती नोंदवलीच पाहिजे. २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हे ठणकावून सांगितलं. नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ मध्ये तर हद्दीची सबबही गेली. आमच्याकडं वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. पलीकडच्या काठावर लुटलेला माणूस अलीकडच्या ठाण्यात आला, तर 'तुमचं ठाणं तिकडं' म्हणून त्याला परत धाडता येत नाही. शून्य क्रमांकानं नोंद करायची आणि तिकडं पाठवायची. फिर्यादीला प्रत फुकट मिळते. झेरॉक्सचे पैसे मागितलेलेही मी पाहिले आहेत, तसलं काही शिकू नका.

'चौकशीला बसवलाय'

वर्गात सगळे जागे असतात तो तास अटकेचा. सिनेमा पाहून आलेले असतो ना आपण. तर ऐका. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३५ पोलिसाला विनावॉरंट अटकेचा अधिकार देतं, पण सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक का लागते याची कारणं लेखी द्यावी लागतात. गरज नसेल तर ३५(३) ची नोटीस देऊन बोलवायचं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालानंतर कोर्ट ही कारणं वाचतं, नुसता शिक्का पाहत नाही. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा दुर्बल असेल, तर उपअधीक्षकांच्या परवानगीशिवाय अटक नाही. वरचे धुऱ्यावाले बुवा आठवा.

अटक केली की पुढचे कागद सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालातून आले आणि आता याच संहितेत आहेत. छातीवर नावाची पट्टी स्पष्ट हवी. अटकेचा मेमो, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष. कारण त्याला सांगायचं, त्याच्या घरी कळवायचं, वैद्यकीय तपासणी करायची. प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर. बेडी सरसकट घालायची नसते, कोणत्या गुन्ह्यांत घालता येते ते कलम ४३ मध्ये दिलं आहे.

आणि हे घड्याळ कधी सुरू होतं? त्याला उठून जायची मोकळीक संपली तेव्हापासून. 'अटक दाखवली नाही, चौकशीला बसवलाय' असा तिसरा प्रकार कायद्यात नाही. सकाळी आणलेला माणूस संध्याकाळपर्यंत बाकावर असेल, तर ठाणेदारांना आदरानं विचारा, "सर, डायरीला याची काय नोंद घेऊ?" शिपायाच्या तोंडचा हा साधा प्रश्न पुष्कळ भानगडी टाळतो.

वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्यामुळं मोहा सडव्याच्या धाडी तुमच्या नशिबी असणारच. भट्टीवर अनेकदा बाई असते. तिची झडती फक्त बाईनंच घ्यायची, तीही सभ्यपणे. सूर्य मावळल्यावर आणि उगवण्याआधी बाईला अटक नाही. फारच अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्यानं लेखी अहवाल देऊन आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यायची. म्हणून धाडीला निघताना जीपमध्ये महिला शिपाई आहे का आणि सूर्यास्त किती वाजता आहे, हे दोन्ही आधी पाहा.

जळालेली गंजी

पंचनाम्यावर वर्गात जेवढा वेळ मिळतो त्याच्या दुप्पट तुम्ही स्वतः द्या. आमच्याकडचं उदाहरण घ्या: सोयाबीन सोंगून गंजी लावली आणि रात्री कोणीतरी पेटवली. शेतमालाला आग लावण्याला न्याय संहितेच्या कलम ३२६ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. सात वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञांनी घटनास्थळी यावं, अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या १७६(३) मध्ये आहे. ते येईपर्यंत सांभाळायचं कोणी? तुम्ही.

तुम्ही पोचाल तेव्हा अर्धं गाव राखेभोवती उभं असेल. कोणी काठीनं राख उकरतोय, कोणी उरलेल्या शेंगा वेचतोय, मालकीण रडतेय. पहिलं काम, सगळ्यांना मागं घ्या. दोरी नसेल तर ठिबकची जुनी नळी सापडते, तीच बांधा. जायला-यायला एकच वाट ठेवा, म्हणजे काळ्या मातीतली बाकीची पावलं शाबूत राहतील. राखेत पाय ठेवू नका आणि तिच्यावर आणखी पाणी ओतू देऊ नका.

मग लिहायला घ्या. गट नंबर, मौजा, पोचल्याची वेळ. चतुःसीमा: पूर्वेस कोणाचं वावर, पश्चिमेस पांदण, उत्तरेस नाला, दक्षिणेस कोण. गंजीची जागा हलणाऱ्या वस्तूपासून मोजू नका. उभ्या बंडीपासून मोजली तर उद्या बंडी जाईल आणि तुमचं माप लटकेल. विहिरीपासून मोजा, डीपीपासून मोजा, टेपनं मोजा, अंदाजे पावलं नकोत. जळालेल्या वर्तुळाचा व्यास, राखेची उंची, न जळलेली बाजू कोणती, वारा कुठून होता असं लोक म्हणतात, आणि कोण म्हणतं.

पंच दोन. फिर्यादीचा साळा पंच म्हणून घेतला तर वकिलाला आयताच घास मिळतो. गावातला रिकामा माणूस कोणीही चालतो असंही नाही. जो कोर्टात येईल आणि वाचून सही करेल असा धरा. लिहून झालं की पंचांना वाचून दाखवा. झडती-जप्ती असेल तर त्याच संहितेच्या कलम १०५ प्रमाणं चित्रीकरण लागतं, त्यासाठी ई-साक्ष्य ॲप आहे. मोबाइल चार्ज ठेवा. वावरात प्लग नसतो.

राखेचा नमुना घ्यायचा प्रसंग आला तर कापडी पिशवीत किंवा कागदाच्या पुडीत नको. पेट्रोल-रॉकेलचा अंश उडून जातो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा किंवा काचेची बरणी हवी. त्यावर पंचांच्या व आपल्या सहीचं कागदी लेबल लावून जागेवरच सीलबंद करायचं, ठाण्यात येऊन नाही. मग मुद्देमाल मोहररकडं (कारकुनाकडं) नोंद, मग नागपूर किंवा अमरावतीच्या न्यायसहायक प्रयोगशाळेकडं रवानगी. ती बरणी मांडीवर घेऊन बसमधून जाणारा बहुधा नवा शिपाईच असतो. चार वर्षांनी त्याला कोर्टात विचारतात: किती वाजता ताब्यात घेतली, सील कसं होतं, रात्री कुठं ठेवली, पोच कोणाची घेतली? उत्तर वहीत असेल तर पाच मिनिटांत सुटका.

शब्द जपून वापरा. 'अज्ञात इसमाने रॉकेल टाकून पेटविले' असं लिहू नका. तुम्ही पाहिलं का? 'राखेजवळ रॉकेलसारखा वास येत होता' एवढंच लिहा.

मर्ग

हीच सवय मर्गात सगळ्यात जास्त लागते. मर्ग म्हणजे अकस्मात मृत्यूची चौकशी, ती आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली. फोन येतो, "वावरात पडून हाय, बाजूले औषधाचा डबा हाय." तोंडाला फेस, कपड्याला वास. हात आपोआप लिहू लागतो, 'विषारी औषध प्राशन करून आत्महत्या केली'. थांबा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करतानाच विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्यांनी काही प्यालं नव्हतं; औषध अंगावर उडालं, श्वासातून गेलं. बाजूला डबा त्यांच्याही होता.

म्हणून दिसेल तेवढं लिहा. पंप पाठीवर होता की बांधावर? पंपात द्रावण किती? शर्ट छातीवर ओला की पाठीवर? डब्याचं झाकण लावलेलं की उघडं? लेबलवर काय छापलंय, अक्षर न अक्षर. पिकाच्या किती ओळींवर फवारणी झालेली दिसते? वाऱ्याच्या दिशेनं की विरुद्ध? कारण डॉक्टर सांगतील. तुमच्या एका घाईच्या वाक्यावर त्या घरची मदतीची फाइल अडकते आणि बायकोला वर्षभर चकरा माराव्या लागतात.

लग्नाला सात वर्षं झाली नसतील अशी सून असेल, तर लगेच वरिष्ठांना कळवा. तिथं चौकशी दंडाधिकाऱ्यांच्या हाती जाते, आणि अंगावरच्या दागिन्याला, बांगडीलाही हात लावू नका.

कबुली

गावात सगळ्यांना वाटतं की पोलिसानं दोन दिले की चोर कबूल करतो आणि केस संपते. साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ प्रमाणं पोलिसासमोरची कबुली आरोपीविरुद्ध वापरताच येत नाही. त्या कबुलीमुळं एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच भाग चालतो. समजा कृषिपंपाच्या केबलची चोरी आहे. 'मी चोरली' याला किंमत शून्य. 'तुराट्यांच्या ढिगाखाली पुरली, चला दाखवतो' हे पंचांसमोर लिहून घेतलं, आणि पंचांसमोर तिथं केबल निघाली, तर ते टिकतं. ढीग आधीच उकरून ठेवला आणि मग पंच बोलावले तर ते सगळं मातीत गेलं.

आणि ते 'दोन देणं'. कबुलीसाठी मारहाण करणं हा न्याय संहितेच्या कलम १२० खाली गुन्हा आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत, जबर दुखापत असेल तर दहा. 'साहेबांनी सांगितलं' हा बचाव चालत नाही.

जाता जाता एक बारीक गोष्ट: तपासात साक्षीदाराचा जबाब लिहून घेतला की त्यावर त्याची सही घ्यायची नसते. नवे पोट्टे हमखास पेन पुढं करतात. बाई, पंधरा वर्षांखालचा मुलगा, साठीपुढचा माणूस यांना जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, आपण घरी जायचं. लहान लेकराशी पोक्सोच्या गुन्ह्यात बोलायचं असेल तर वर्दी उतरवून.

देसाईगंज

हा विषय वर्गात पाच मिनिटांत उरकला तर स्वतः वाचा. १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात, तेव्हा ते चंद्रपूर जिल्ह्यात होतं, भावाच्या तक्रारीवरून आणलेल्या एका आदिवासी मुलीवर ड्युटीवरच्या दोन पोलिसांनी बलात्कार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयानं सोडलं, नागपूर खंडपीठानं दोषी धरलं, सर्वोच्च न्यायालयात ते पुन्हा सुटले. त्या निकालावर देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या बाईवरच्या अत्याचाराचं वेगळं, कडक कलम आलं; अशा खटल्यात संमती नव्हती असं ती म्हणाली, तर कोर्ट तसं गृहीत धरतं.

आपल्या मुलखातल्या ठाण्यातून सुरू झालेली ही गोष्ट तिकडं शिकवताना 'एक जुना खटला' म्हणून येते. मला विचाराल तर रायफल हातात देण्याआधी ही शिकवावी. पोरींनो, रात्रपाळीत ठाण्यात बाई आणली असेल आणि तुम्ही एकट्याच महिला शिपाई असाल, तर चहाला जातानाही बदली मागा.

लाठी

थोडक्यात. पाच किंवा जास्त लोकांचा बेकायदेशीर जमाव पांगवायचा हुकूम कार्यकारी दंडाधिकारी, ठाणेदार किंवा फौजदार देतो. शिपाई स्वतःहून लाठी उगारत नाही. हुकूम आल्यावर कमरेखाली, आणि पळणाऱ्याच्या मागं धावत नाहीत. बाकी मैदानावर घटवून घेतील.

निघायच्या आधी

रोज रात्री दिवसभराची एक नोंद स्टेशन डायरीसारखी लिहायची सवय आतापासून लावा. '१६.४० वा. एस.टी. स्टँडवर दोन इसम भांडताना दिसले, पैकी एकाच्या हातात छत्री' असं. वेळ चोवीस तासांच्या घड्याळात. 'मला राग आला', 'बहुतेक दारू प्यालेले होते' हे बाहेर ठेवा. 'तोंडाला दारूचा वास येत होता' चालेल. अक्षर वाचता आलं पाहिजे, सुंदर नसलं तरी चालतं. खाडाखोड झाली तर एक रेघ मारून बाजूला सही, व्हाइटनर नाही.

आणि एक संध्याकाळ गावच्या पोलीस पाटलाकडं बसा. १९६७ च्या महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियमानं नेमलेला हा माणूस गुन्ह्याची, अकस्मात मृत्यूची पहिली खबर देतो, आणि तुमच्या ठाण्याच्या जीपच्या तासभर आधी जागेवर असतो. त्याला विचारा: मागचा मर्ग झाला तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं, तुम्ही कोणाला फोन केला, पोलीस येईपर्यंत काय हलवू दिलं नाही, पंच म्हणून कोण तयार झालं, कोण घरात लपलं? उत्तरं वहीत घ्या. चहा, मग जेवण, असं करत ते तुम्हाला नऊच्या आत सोडणार नाहीत, तेव्हा घरी सांगून जा.